अंगठा

आमच्या गल्लीच्या तोंडाला पोरीचा फ्लेक्स लागला तेव्हा ती साडेअकरा वर्षांची होती. पोहण्यात जिल्ह्याला दोन गोल्ड, बास एवढंच. पण तालमीची पोरं ती, ऐकत्यात होय, डोक्याला कॅप आणि गॉगल घातलेला फोटो, खाली तीस-चाळीस शुभेच्छुक, आणि वर मोठ्या अक्षरात 'भावी ऑलिंपियन'. खोटं कशाला बोलू, मला लई भारी वाटलं. कारखान्याला जाताना गाडी तिथं आपोआप स्लो व्हायची.

कोल्हापुरात पोहणाऱ्या पोराला वीरधवल खाडेचं नाव काय चुकत नाही. आपल्या गावचा पोरगा, २००८ ला बीजिंग ऑलिंपिकला गेला तेव्हा १६ वर्षांचा होता, मग २०१० ला ग्वांगझूच्या एशियाडमध्ये ५० मीटर बटरफ्लायचं ब्राँझ, ते पण खजान सिंगच्या १९८६ च्या सिल्व्हरनंतर तब्बल २४ वर्षांनी. त्यामुळं कुठलंही पोरगं जरा बरं पोहायला लागलं की "दुसरा वीरधवल" ठरलेलंच. म्हणायला कुणाच्या बापाचं काय जातंय? इथं तर बाप मीच होतो आणि सगळ्यात जास्त मीच म्हणत होतो.

पहाटे पावणेपाचला उठायचं, थंडीत टँकच्या पाण्यावर वाफ असायची आणि ही काठावर दात वाजवत उभी. येताना गंगावेशीत कट्ट्यावर ग्लासभर धारोष्ण दूध. तिला त्या फेसाचा वास आवडायचा नाही, नाक दाबून प्यायची. पैलवानांना चालतंय तर तुला का नको, असं माझं लॉजिक.

आणि माझ्या हातात स्टॉपवॉच. हे महत्त्वाचं.

माझं उद्यमनगरात मशीन शॉप आहे, दोन लेथ, एक मिलिंग. दिवसभर मायक्रोमीटर हातात, दहा मायक्रॉन इकडंतिकडं झालं की जॉब रिजेक्ट. त्यामुळं तिच्या पोहण्याच्या सरांपेक्षा आपलंच टायमिंग करेक्ट अशी खात्री. वहीत रोज लिहायचो, तारीख, अंतर, टाईम. तेरा वर्षांची असताना ५० मीटर फ्रीस्टाईल २९.७० आलं. तीसच्या आत! त्या दिवशी कारखान्यात सगळ्यांना पेढे.

महिन्याभरानं पुण्याला बालेवाडीत स्पर्धा होती. ३०.५८.

पुढच्या वेळी ३०.६४. त्याच्या पुढं ३०.५१. घरच्या टँकला मात्र २९ च्या घरात, दर आठवड्याला. मग मी ठरवूनच टाकलं की पोरगी स्पर्धेत टेन्शन घेती. नातेवाईकांना पण तेच सांगायला लागलो, तिच्यासमोर. एकदा पुण्याहून येताना साताऱ्याच्या पुढं गाडीत मी बोलत सुटलो, घरी जमतंय ते तिथं का जमत नाही, एवढा खर्च, एवढी पहाट, सरांनी काय कमी केलंय काय, वगैरे वगैरे. ती मागच्या सीटवर टॉवेल तोंडावर घेऊन झोपलेली. कराड आलं तेव्हा बायको हळूच म्हणाली, "ती जागी आहे." मी गप्प बसायला पाहिजे होतं. नाही बसलो.

असं जवळपास दोन वर्षं चाललं. मग एका स्पर्धेत तिची हीट, म्हणजे फायनलच्या आधीची फेरी, व्हायला वेळ होता म्हणून गॅलरीत बसून टाईमपास म्हणून दुसऱ्या पोरींचं टायमिंग घ्यायला लागलो. बोर्डावर २८.९२, माझ्या घड्याळात २८.७०. पुढची, बोर्डावर ३१.४०, माझ्याकडं ३१.१७. सात-आठ पोरी झाल्या, सगळ्यांचं माझं घड्याळ वीस-पंचवीस शतांश कमीच दाखवतंय.

आता शॉपमध्ये मी पोरांना काय सांगतो? जॉब सलग एकाच बाजूला चुकत असतील तर जॉब बघू नको, आधी गेज बघ, मापायचं साधनच चुकत असेल. माझं गेज म्हणजे माझा अंगठा. हॉर्न वाजतो, तो कानात जाऊन अंगठा हलेपर्यंत वीसेक शतांश गेलेले असतात, म्हणजे घड्याळ उशिरा सुरू. शेवटी मात्र हात भिंतीकडं येताना दिसत असतो, तिथं अंगठा बरोबर वेळेवर दाबला जातो. स्पर्धेतल्या टायमिंगच्या मशीनला असलं काही नाही, तिथं घड्याळ हॉर्नबरोबरच चालू आणि टचपॅडला हात लागला की बंद. त्यात आमचा सरावाचा टँक २५ मीटरचा, म्हणजे मध्ये एक टर्न, भिंतीला पाय लावून ढकलायला मिळतंय. बालेवाडीचा ५० चा, सरळ पोहायचं. सगळी बेरीज केली की घरच्या आणि बालेवाडीच्या टायमिंगमधला तो पाऊण-एक सेकंदाचा फरक तिथंच संपला. टेन्शनच्या वाट्याला काही उरलंच नाही.

सरांना सांगितलं तर म्हणाले, "मग? मी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं की तुम्हाला." सांगितलं असेल. मी तेव्हा वहीत लिहीत असणार.

आणि हा शतांशाचा खेळ काय असतोय ते वीरधवललाच विचारावं. मध्ये तहसीलदाराची नोकरी, काही वर्षं पोहणं मागं पडलेलं, तरी २०१८ ला जकार्ताच्या एशियाडला ५० मीटर फ्रीस्टाईलच्या हीटमध्ये २२.४३, नॅशनल रेकॉर्ड, आणि फायनलला २२.४७. चौथा. ब्राँझ ०.०१ नं गेलं. त्या स्पीडला ०.०१ म्हणजे दोन सेंटिमीटर, बोटाचं एक पेर म्हणा. तिथं माणसाचं आख्खं करिअर अडतंय आणि मी माझ्या अंगठ्याच्या वीस शतांशावर पोरीला टेन्शन घेणारी ठरवून मोकळा.

तिला सांगितलं. सॉरी म्हणायला जीभ वळत नव्हती म्हणून वहीवर आकडे काढून दाखवले, टर्नचं एवढं, अंगठ्याचं एवढं. तिनं शांतपणे बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे पप्पा, माझं २९.७० कधी झालंच नव्हतं."

ह्याचा विचार मी केला नव्हता. पेढे वाटलेले ते.

आता ती सोळाची आहे, मागच्या महिन्यात बालेवाडीत बोर्डावर २९.८८ आलं. नंबर पाचवा. दूध बंद केलंय, ताक पिती. फ्लेक्स कधीच उतरवला, त्याची पांढरी बाजू वर करून पावसाळ्यात शॉपच्या पत्र्यावर टाकलाय, जिथं गळतंय तिथं. स्टॉपवॉच सरांकडं. हीटला जाताना ती चपला आणि टॉवेल माझ्याकडं देती, आणि परत आल्यावर चपला सरळ ठेवल्यात का तेवढं बघती.