तुम्ही विचारलंत म्हणून: साखर सोडून गूळ धरला, बरं केलं ना?

नाशिकला पंचवटीतल्या माझ्या आयुर्वेदाच्या दवाखान्यात औषध सांगून झालं, पथ्य लिहून झालं, की उठता उठता हा प्रश्न येतोच: "मॅडम, घरातली साखर बंद केली. आता सगळं गुळाचंच. बरं केलं ना?"

विचारणाऱ्यांत मधुमेही बरेच असतात, म्हणून त्यांचं उत्तर आधी. नाही. शंभर ग्रॅम गुळात साधारण 65 ते 85 ग्रॅम सुक्रोज असतं, म्हणजे साखरच. गूळ सेंद्रिय असो, गावाकडचा असो, रक्तातली साखर त्यानेही वाढते. लोहासाठी गूळ खाणाऱ्यांनाही सांगते: थोडं लोह त्यात असतं, पण हिमोग्लोबिन उतरलं असेल तर गूळ-शेंगदाण्यावर भिस्त ठेवू नका, तपासून औषध घ्या.

बाकीच्यांचं उत्तर लांब आहे आणि ते सांगायला मला मनापासून आवडतं. आयुर्वेदाच्या मते गूळ चांगला आणि साखर वाईट, असा समज सगळीकडे दिसतो. चरकसंहिता उघडली की तो टिकत नाही. सूत्रस्थानाच्या 27व्या अध्यायात उसाच्या रसाचे पदार्थ ओळीने आले आहेत. गूळ मज्जा, रक्त, मेद, मांस वाढवतो आणि जंतही वाढवतो, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. पुढे मत्स्यंडिका, खांड, शर्करा, म्हणजे त्याच रसाचे एकाहून एक निर्मळ पदार्थ. जो पदार्थ जितका निर्मळ, तितका तो थंड. उन्हाळ्यात घोळणा फुटणाऱ्याला, छातीत जळजळणाऱ्याला मी गूळ थांबवून थोडी खडीसाखर सांगते, ती याच आधारावर.

गुळाचं वय तर कोणी विचारतच नाही, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं. अष्टांगहृदय या ग्रंथात वाग्भट म्हणतात, नवा गूळ कफ वाढवतो आणि अग्नी मंद करतो. जुना गूळ हृद्य, म्हणजे हृदयाला हितकर, आणि पथ्य. औषधाला आम्ही वर्षभर मुरलेला गूळ धरतो. दुकानात मात्र मागणी पिवळ्याधमक, ताज्या गुळाला. तो रंग यावा म्हणून कित्येक गुऱ्हाळांवर काहिलीत हायड्रॉस पावडर, म्हणजे रंग उजळवणारं रसायन, पडते. मळी काढायला रानभेंडीचा चिकट रस वापरण्याची जुनी रीत आहे. त्या गुळाला असा चकचकीत रंग येत नाही, आणि यायलाही नको.

भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथातला एक श्लोक मला फार प्रिय आहे. आल्याबरोबर गूळ कफ हरतो, हिरड्याबरोबर पित्त, सुंठीबरोबर वात. शेवटी चक्क गुळाला नमस्कार आहे: दोषत्रयक्षयकराय नमो गुडाय. निफाडचा पारा घसरतो त्या दिवसांत आपल्याकडे सकाळी सुंठ-गूळ-तुपाची सुपारीएवढी गोळी देतात, ती या श्लोकाला धरूनच आहे. गोळी एकच. गुणाचा आहे म्हणून वाटीभर गूळ खाणं शास्त्रात कुठे सांगितलेलं नाही.

आपण द्राक्षांच्या गावचे, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. द्राक्षारिष्ट या आंबवलेल्या औषधाला नाव द्राक्षांचं, पण शार्ङ्गधरसंहितेतल्या कृतीत द्राक्षं अर्धी तुला (तुला हे जुनं वजनाचं माप) आणि गूळ दोन तुला, म्हणजे चौपट! द्राक्षांचा काढा गार करून त्यात गूळ विरघळवतात, सुगंधी द्रव्यं घालतात, भांड्याचं तोंड बंद करून ठेवून देतात. गूळ आंबून मद्यार्क तयार होतो आणि द्रव्यांचे गुण त्यात उतरतात. तेव्हा मधुमेह असेल तर कुठल्याही अरिष्टाची बाटली आणण्याआधी वैद्यांना विचारा.

आणि जुना गूळ मिळत नाही म्हणून अडू नका. संक्रांतीनंतर, गुऱ्हाळं चालू असतानाच, गडद तपकिरी ढेप घ्या. फोडून कोरड्या, घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. पावसाळ्यात त्याला पाणी सुटतं, म्हणून ओला चमचा आत जाऊ देऊ नका. पुढच्या थंडीत सुंठीबरोबर तोच काढा.