गदा फिजीची, चिठ्ठी टोंगाची

अमेरिकन नौदलाचा चार्ल्स विल्क्स 1838 ते 1842 या काळात पॅसिफिक महासागरातल्या शोधमोहिमेवर होता; फिजी आणि टोंगा ही तिथलीच बेटं. त्याने आणलेल्या वस्तूंपैकी दुबार नग पुढे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेने इतर संग्रहालयांना दिले. आमच्या संग्रहालयातली उला ही गदा त्यांतलीच. वरून सूचना होती: चिठ्ठीवर टोंगा आहे, वस्तू फिजीची आहे, नोंद दुरुस्त करा. दोन आठवडे झाले, मी ती केलेली नाही.

उला म्हणजे फेकून मारायची हातभर लांब गदा. कोवळं झाड मुळासकट उपटायचं. बुंध्याची गाठ होते डोकं, खोड होतं मूठ. मुठीवरच्या नागमोडी कोरीवकामाला फिजीत तवातवा म्हणतात. घडण फिजीचीच, त्यावर वाद नाही.

अशी वस्तू नायट्राइलचे हातमोजे घालूनच उचलायची, कारण कीड लागू नये म्हणून त्या काळी आर्सेनिक आणि पाऱ्याची संयुगं सर्रास फासत. वस्तूत कोणती मूलद्रव्यं आहेत ते सांगणारं एक्स-रे फ्लुरोसन्सचं यंत्र लावलं, तर गदेवर रंगवलेल्या नोंदणीच्या आकड्याच्या पांढऱ्या रंगावर ते आर्सेनिक दाखवू लागलं. इथे नवखे फसतात. शिशाची एक रेषा आणि आर्सेनिकची मुख्य रेषा दोन्ही 10.5 केईव्हीला (हे क्ष-किरणांच्या ऊर्जेचं एकक) एकमेकींवर बसतात. म्हणून आर्सेनिकची 11.7 ची आणि शिशाची 12.6 ची रेषा वेगळी बघायची. आमच्याकडे 12.6 ची ठळक, 11.7 ची नाहीच. आर्सेनिक नव्हे, सफेद्यातलं शिसं.

त्या रंगाशेजारी शाईचा जुना आकडा होता. होता म्हणायचं, कारण पूर्वी बाहेरच्या कंत्राटदाराने ॲसिटोनच्या बोळ्याने व्हार्निश पुसलं आणि वरचा अर्धा आकडा त्याबरोबर गेला. याला स्वच्छता म्हणत नाहीत. अवरक्त फोटोत उरलेली शाई दिसेनाशी झाली, म्हणजे ती लोह-टॅनिनची. काजळीची असती तर काळीच राहिली असती. अतिनील उजेडात मात्र दोन अंक वाचता आले. तिसरा 1 की 7, ते मोहिमेतला निसर्गअभ्यासक टिशियन पील याच्या 1846 च्या वस्तू-यादीशी ताडून बघतोय.

पण माझं घोडं अडलंय ते चिठ्ठीवर. विल्क्सची जहाजं एप्रिल 1840 मध्ये टोंगाला होती, तिथे तेव्हा लढाई पेटलेली. मे महिन्यात ती फिजीला पोचली. वॉशिंग्टनमध्ये पेट्या घाईने उघडल्या गेल्या, चिठ्ठ्या सुटल्या, तेव्हा अदलाबदल सहज शक्य आहे. पण टोंगाचे लोक होड्या बांधायला फिजीला जात आणि फिजीची शस्त्रं घेऊन येत, हेही तितकंच खरं. मग ही गदा टोंगातच मिळाली असेल, तर चिठ्ठी चुकलेली नाही. तिसरी शक्यता जुलै 1840 ची: फिजीतल्या मालोलो बेटावर मोहिमेचे दोन अधिकारी मारले गेल्यावर विल्क्सच्या माणसांनी गावं जाळली. तिथून उचललेली गदा भेट किंवा खरेदी म्हणून नोंदवता येणार नाही.

म्हणून घडण फिजी, प्राप्ती टोंगा आणि पुढे प्रश्नचिन्ह, असं लिहायचं ठरवलंय. आमच्या संगणकात मात्र स्थळासाठी रकाना एकच आहे. दुसरा मागितलाय; तोवर जुन्या चिठ्ठीला कुणी हात लावायचा नाही, असं पेटीवर लिहून ठेवलंय.