मोतीच्या गादीची गोष्ट

आमचा मोती अकरा वर्षांचा लॅब्रॅडॉर, वजन ३४ किलो. थंडी सुरू झाली तसा तो सकाळी उठायला वेळ लावू लागला. पुढचे पाय रोवायचा, मागचा भाग उचलायला जायचा आणि फरशीवर नखं खरखरत मागचे पाय बाजूला सरकायचे. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला कसाबसा उभा राहायचा. वय झालं, असं आम्ही धरून चाललो होतो. मग एक दिवस त्याच्या कोपरांवर हात फिरवला, तर केस गेलेले आणि कातडीला टणक घट्टे पडलेले. आमचं इतके दिवस लक्ष कसं गेलं नाही, याचं फार वाईट वाटलं.

एक्स-रेमध्ये दोन्ही खुब्यांचे सांधे झिजलेले दिसले. डॉक्टरांनी औषध दिलं, वजन उतरवायला सांगितलं आणि माणसांची दुखण्यावरची गोळी चुकूनही द्यायची नाही असं बजावलं. आयब्युप्रोफेनसारख्या गोळीने कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. मग त्यांनी विचारलं, "झोपतो कशावर?" चादरीची घडी, नाहीतर नुसती फरशी. खरं उत्तर तेवढंच होतं.

त्याच आठवड्यात मी एक मऊ, गुबगुबीत गादी आणली. मोती तिच्यात असा रुतून झोपला की पाहून आम्हालाच बरं वाटलं. सकाळी मात्र त्याला उठताच येईना. पाय रोवायला खाली टणक काही नव्हतंच. जेवढा जोर लावावा तेवढं अंग आत जात होतं. शेवटी पोटाखालून टॉवेल घालून मी त्याला उचललं. तीन आठवड्यांत आतला कापूस कडेला सरकला आणि मधोमध हात दाबला तर थेट फरशी लागायला लागली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी गादी पाहत होते ती तो कसा झोपतो यावरून. पाहायला हवं होतं, तो तिच्यावरून उठतो कसा.

मग नीट शोध सुरू केला. 'ऑर्थोपेडिक' असं कव्हरवर छापलेलं असलं तरी आत काय आहे ते चेन उघडूनच कळतं. एका गादीत फोमचे तुकडे भरले होते. तेही कापसासारखेच कडेला सरकणार. नुसता मेमरी फोमही जड कुत्र्याला पुरत नाही. तो अंगाच्या उबेने मऊ होतो, कोपर आणि खुब्यांवरचा दाब वाटून घेतो, पण वजन पेलायला खाली घट्ट फोमचा थर लागतोच. मी प्रत्येक गादीवर गुडघा टेकवून भार द्यायचे. गुडघा जमिनीला लागला की ती गादी बाद. फोमची घनताही विचारायचे. मेमरी फोम घनमीटरला ५० किलोच्या आसपास किंवा त्याहून जास्त असेल तर तो लवकर बसत नाही.

माप घेतलं ते मोती आडवा पसरून गाढ झोपलेला असताना. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत ९६ सेंटिमीटर. त्यात २० मिळवले, कारण दुखरा कुत्रा अंग आखडून झोपला तर सकाळी आणखी ताठरतो. एका बाजूला डोकं टेकायला उशीसारखी कड हवी होती, पण समोरची बाजू मोकळी. खाटेसारखे उंच पलंगही पाहिले. त्यावर पाय उचलून चढावं लागतं, म्हणून सोडून दिले.

शेवटी घेतली ती चार इंची, दोन थरांची, खालून रबरी पकड असलेली. वरचं कव्हर धुता येतं. म्हाताऱ्या कुत्र्याला झोपेत कधी लघवी होते, म्हणून आतून पाणी न झिरपणारं अस्तरही पाहिलं. मात्र ते मऊ, कापडी पाठीचं हवं. ताणून बसवलेल्या जाड प्लॅस्टिकखाली मेमरी फोम दबतच नाही, मग त्याचा उपयोग काय?

दोन दिवस मोती तिच्याकडे फिरकलाच नाही. नव्या फोमचा वास येत होता. गादी मोकळ्या हवेत ठेवली, वर त्याची जुनी चादर अंथरली आणि ती त्याच्या नेहमीच्याच कोपऱ्यात मांडली. तिसऱ्या रात्री तो आपणहून चढला, गोल फिरला आणि चारही पाय लांब सोडून झोपला. अस्सा मोकळा झोपलेला मी त्याला कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

उठून पहिलं पाऊल पडतं ते फरशीवरच, म्हणून गादीपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत रबरी पट्ट्याही टाकल्या. महिन्याभराने डॉक्टरांना मोबाइलवर त्याचे आधीचे आणि आताचे उठतानाचे व्हिडिओ दाखवले. आता बहुतेक वेळा तो एका दमात उठतो. यात औषधाचा आणि उतरलेल्या दोन किलोंचाही मोठा वाटा आहे, असं त्यांनी सांगितलं, आणि ते खरंच आहे. कोपरांवर बारीक लव दिसायला लागली आहे.

मेमरी फोम उष्णता धरून ठेवतो, त्यामुळे दुपारी तो अजूनही दाराशी गार फरशीवर जातो. तिथे एक पातळ, न सरकणारी चटई घातली आहे. आणि दर महिन्याला चादर काढून गादीच्या मध्यावर मूठ दाबून पाहते. खड्डा थोड्या वेळात भरून आला नाही, तर गादी फिरवून घालते.