आजी आणि आशाताई

धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी वेंगुर्ल्याला आलेय. घरभर ओव्याच्या धुरीचा वास, डब्यात हाळिवाचे लाडू, आणि बाळानं जरा तोंड वाकडं केलं की चार बायकांचे सहा सल्ले. इंग्लंडात ब्रिस्टलला माझी लेक झाली तेव्हा घरात मी, नवरा आणि व्हिडिओ कॉलवर आई, एवढंच.

तिथे पहिले काही दिवस मिडवाइफ, म्हणजे शिकलेली सुईण, घरी येते. मग साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवशी हेल्थ व्हिजिटर, म्हणजे पुढचं शिक्षण घेतलेली नर्स किंवा मिडवाइफच. माझ्याकडे आली ती भली होती. बाळाच्या तब्येतीच्या लाल वहीत वजन लिहून गेली. पाजताना मला रडू का फुटतं, हे विचारलं ते मात्र स्तनपानाच्या गटातल्या एका बाईनं. दोन मुलांची आई, स्वयंसेविका. शेजारी बसली, माझ्या कोपराखाली उशी सरकवली आणि म्हणाली, "मला सहा आठवडे लागले."

वर्षभरानं मीही स्वयंसेविका झाले. प्रशिक्षण घेतलं, पोलीस तपासणी झाली. तरी जवळच्या दवाखान्यात आमची पत्रकं कोपऱ्यात धूळ खात पडायची. नर्सबाईंना वाटायचं, या बायका काहीबाही सांगतील. राग यायचा, पण त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती. एका आईची छाती लाल, गरम, अंगात कणकण, आणि मी "होतं असं" म्हणून मोकळी! शेजारच्या जुन्या स्वयंसेविकेनं ऐकलं आणि तिथल्या तिथे दवाखान्यात फोन लावला. धीर देणं आपलं, ताप डॉक्टरांचा, हे मी त्या दिवशी शिकले.

पुढे एक हेल्थ व्हिजिटर दर मंगळवारी वजनकाटा घेऊन आमच्यातच येऊन बसू लागली. आमचा चहा प्यायली, आमचं बोलणं ऐकलं. मग पत्रकाऐवजी ती आयांना थेट नाव सांगू लागली, "हिला भेट."

इथे दवाखान्यात बाळंतपण झालं तरी ४२ दिवसांत आशाताईच्या सहा फेऱ्या होतात. (तिला स्वयंसेविका म्हणायचं, काम नोकरीसारखं घ्यायचं आणि मोबदला बराचसा कामागणिक द्यायचा, ही सरकारी गंमत निराळीच.) काल एकविसाव्या दिवसाची फेरी होती. आजी मधाचं बोट घेऊन तयार. मी तोंड उघडणार, तोच आशाताईनं बाळ झोळीच्या काट्याला लावलं.

"आज्ये, बघ गो, वजन किती वाढला ता. निसत्या आवशीच्या दुधार!"

आजीनं चष्मा मागवला. काटा दोनदा वाचला. मधाचं बोट पदराला पुसलं.

संध्याकाळी कुंपणापलीकडे शेजारच्या घरात आजीचा आवाज, "मध नको गो, आधी वजन कर." त्या घरात आशाताईला दार अर्धंच उघडतात. पुढच्या खेपेला ती आजीला सोबत नेणार आहे. आजीनं त्यासाठी इस्त्रीचं लुगडं काढून ठेवलंय.