शेवेचं पाकीट आणि स्पिती

इंदूरच्या मराठी घरात प्रवासाचा बेत ठरला की तारखेआधी शेवेचं माप ठरतं. काशी असो की कोकण, लवंग शेव अर्धा किलो, साधी पाव किलो, वर जिरावन मसाल्याची पुडी. हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यात निघणाऱ्यांनी मात्र ही चर्चा थोडी गांभीर्याने घ्यावी. दुकानातली सीलबंद पाकिटं शिमल्याच्या पुढे फुगायला लागतात, नाको येईस्तोवर उशीसारखी टम्म होतात, आणि कुंझुम खिंडीच्या चढावर एखादं डिकीत फटकन फुटतं. आत इंदूरची हवा, ५५० मीटरवर भरलेली. बाहेर काझात, म्हणजे स्पितीतल्या मुख्य गावात, हवेचा दाब इंदूरच्या जेमतेम दोन-तृतीयांश. शेव घरीच डब्यात काढून घ्यावी, नाहीतर पाकिटाला टाचणीने भोक पाडून वर चिकटपट्टी लावावी.

फेकून द्यायच्या आधी त्या टम्म पाकिटाकडे एकदा नीट बघावं. अख्ख्या सहलीचा बेत त्याच्यावरूनच आखायचा असतो.

आपण माळव्यातली माणसं प्रवास किलोमीटरने मोजतो. उज्जैन पंचावन्न, म्हणजे तासभर. त्याच हिशेबाने कुणीतरी नकाशावर बोट ठेवतं, "मनाली ते काझा दोनशे किलोमीटर, सकाळी निघू, जेवायला पोचू." त्या दोनशेला आठ-दहा तास लागतात, हे तर आहेच. खरा घोळ उंचीवरच्या विरळ हवेचा आहे. मनाली २,०५० मीटरवर, काझा ३,६०० च्या वर, आणि मध्ये साडेचार हजार मीटरची कुंझुम खिंड. रात्री झोपलात मनालीत आणि दुसऱ्या रात्री काझात, तर एका दिवसात दीड हजार मीटर चढलात. तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त उंच करू नये, असा डॉक्टरांचा साधा नियम आहे. झोपायची जागा हं. दिवसा वर चढून रात्री खाली आलं तर उलट बरंच.

म्हणून आत शिरायचं शिमल्याकडून, बाहेर पडायचं मनालीकडून. पहिला मुक्काम शिमला किंवा नारकंडा. दुसरा कल्पा, सुमारे २,९५०. समोर किन्नर कैलास, आणि सप्टेंबरात झाडांना सफरचंदं. तिसऱ्या दिवशी खाबला सतलज सोडून स्पिती नदीचा हात धरायचा. तिथून रस्ता नाकोला ३,६०० च्या पुढे चढतो आणि ताबोला ३,३०० पर्यंत उतरतो. मुक्काम नाकोत न करता ताबोत करावा, एक चढ-उतार फुकटात पदरात पडतो. ताबोचा मठ इसवी सन ९९६ मधला, मातीचा, बाहेरून अगदी साधा. आतल्या भिंतींवरची चित्रं पाहायला टॉर्च हवा. फोटो काढायला मनाई आहे, ती पाळावी. चौथ्या दिवशी धनकर करून काझा. तिथे निदान तीन रात्री. लांगझा, हिक्किम, कोमिक, की, किब्बर ही सगळी गावं चार हजारांच्या वर, पण दिवसा जाऊन झोपायला काझात परतता येतं. या क्रमाने गेलं की बहुतेकांना फक्त जिना चढताना धाप लागते, आणि ती लागणारच.

तरी डोकं दुखणं, भूक मरणं, मळमळ, झोप न लागणं यांतलं काही झालं तर ते "प्रवासाने दमलोय" म्हणून खपवू नये. त्रास ओसरेपर्यंत वर जायचं नाही, एवढंच पथ्य. सरळ रेषेत चालता येईना, किंवा बसल्या जागी दम लागू लागला, तर रात्र असो की पाऊस, लगेच खाली. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यायची तर इंदूरातच डॉक्टरांना विचारून. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगावं. ती गोळी सारखं लघवीला पाठवते, तेव्हा घाटात गाडी थांबवायची तयारीही हवी. आणि कापराच्या पोटल्या! कापूर हुंगल्याने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन तसूभर वाढत नाही. लहान मुलाने तोंडात टाकला तर मात्र तो विष आहे.

आता तारीख. शाळांना सुट्टी मे महिन्यात, आणि कुंझुम बहुधा उघडते जूनमध्ये. दिवाळीच्या सुट्टीत जावं तर खिंड बर्फाने मिटलेली किंवा मिटायच्या बेतात. जुलै-ऑगस्टमध्ये स्पिती स्वतः कोरडी असते, पाऊस तिथवर फारसा पोचतच नाही, पण वाटेतल्या किन्नौर जिल्ह्याचे कडे भिजून रस्त्यावर येतात. उरतो सप्टेंबर. आमच्या मते अनंत चतुर्दशीच्या झांक्या बघून दुसऱ्या दिवशी निघावं. पितृपक्षात गर्दी कमी, खोल्या मिळतात. घरातली आजी नाक मुरडेल. तिची समजूत घालणं कुंझुमपेक्षा अवघड. गणपतीच्या आधी अधिक महिना आलेल्या वर्षी मात्र हा पंधरवडा ऑक्टोबराकडे सरकतो. तेव्हा गणपतीच्या आधी जाऊन यावं.

परदेशी पासपोर्ट असलेला भाचा बरोबर येणार असेल तर किन्नौरमधून पुढे जायला त्याला परमिट लागतं, आपल्याला नाही. रोहतांगचं परमिटही विसरा. ३ ऑक्टोबर २०२० पासून त्या खिंडीखालून नऊ किलोमीटरचा अटल बोगदा आहे.

गाडी स्वतःची असेल तर स्टेपनीत हवा आहे का, हे इंदूरातच बघावं. निम्म्या लोकांना ते पंक्चर झाल्यावर कळतं. टायरचंही शेवेच्या पाकिटासारखंच. बाहेरचा दाब घटला की काझात गेजवर चार-साडेचार पीएसआय जास्त दिसतात. पहाटेच्या थंडीने ते थोडे उतरतात, म्हणून घाईने हवा सोडू नये. सोडलीच तर परतताना भरायला पंप बरोबर हवा. टर्बो नसलेलं इंजिन कुंझुमवर एक-तृतीयांशाहून जास्त ताकद गमावतं. पहिला गियर टाकायची लाज वाटू देऊ नये. काझात टाकी पूर्ण भरून पहाटे पाच-साडेपाचला सुटावं. कुंझुम उतरल्यावर बातलच्या पुढे ओढे रस्त्यावरूनच वाहतात, आणि बर्फ वितळतं तसं दुपारी त्यांचं पाणी वाढतं. सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा चार वाजता गाडी अडवतो. लोसर सोडल्यावर फोन लागत नाही, हे आदल्या रात्रीच घरी सांगून ठेवावं. नाहीतर इकडे सुदामानगरात देव पाण्यात.

खाण्याचं म्हणाल तर काझात पाणी ८८ अंशांना उकळतं. कुकरशिवाय डाळ शिजत नाही, तासभर ढवळलीत तरी. पोहे मात्र आधीच शिजवून कांडलेले. भिजवा, वाफेवर धरा, झाले. चार हजार मीटरवर, छोट्या गॅसच्या शेगडीवर, इंदुरी नाश्त्याइतका बिनतक्रार पदार्थ दुसरा नाही. वरून जिरावन, वरून शेव. (म्हणून सुरुवातीला शेवेचा विषय काढला.) जिलबीचं तेवढं मनातच.

राहता राहिलं रिझर्व्हेशन. महूहून सुटणारी मालवा एक्सप्रेस अंबाल्याला उतरवते, तिथून शिमल्याची वाट. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, पण जाण्याचं आणि येण्याचं एकाच सकाळी नव्हे. बारा दिवसांनी परतायचं असेल तर परतीचं तिकीट बारा दिवसांनंतर निघतं, आणि जाण्याचं कन्फर्म झाल्याच्या आनंदात ती सकाळ हमखास विसरली जाते. आणि परतीची तारीख मनालीला पोचायच्या दुसऱ्याच दिवसाची धरू नये, दोन दिवस मोकळे ठेवावेत. रस्ता कुठेच अडला नाही तर ते मनालीत बसून काढता येतात. अडला तर काझात अजून दोन वेळचे पोहे लागतील, तेवढे जास्त घ्या.