उसाचा तुरा आणि पिंजराचा गोठा

आमच्या घरी नाताळच्या सजावटीला डिसेंबरात नव्हे, तर पाऊस ओसरताच सुरुवात होते, कारण पिंपळाची पाने जाळीदार करायची असतील तर ती तीन-चार आठवडे पाण्यात कुजवावी लागतात. जून झालेली, पण न फाटलेली पाने निवडून मी ती बादलीत घालते आणि दर चार दिवसांनी पाणी बदलते. एका वर्षी पाणी बदलायचे राहून गेले आणि बादलीला असा वास सुटला की शेजारच्या काकू गटार तुंबले म्हणून दोनदा पाहून गेल्या. पान पुरेसे कुजले की ते पसरट थाळीतल्या पाण्यात धरून जुन्या, मऊ ब्रशने हलक्या हाताने घासायचे. हिरवा गर निघून जातो आणि शिरांचे जाळे तेवढे उरते. घाई केली तर मधली शीर हातात येते व बाकीचे पान पाण्यात विरघळल्यासारखे होते. दहापैकी सहा पाने साधली तरी मी समाधान मानते.

ही पाने लागतात चांदणीसाठी. बाजारातली प्लास्टिकची चांदणी स्वस्त पडते हे खरे, परंतु बेळगावात दिवाळीचा आकाशकंदील ज्यांनी घरी बांधला आहे, त्यांना चांदणी अवघड नाही. दोन-दोन फुटांच्या दहा बांबूच्या कामट्या घ्यायच्या, पाच-पाच कामट्यांच्या दोन चांदण्या बांधायच्या, त्या एकमेकींवर ठेवून पाचही टोके सुतळीने आवळायची आणि आतल्या पाच सांध्यांवर चार-पाच इंचांच्या आखूड काड्या उभ्या सरकवायच्या, म्हणजे पोट फुगून चांदणीला जाडी येते. त्यावर पांढरा पतंगाचा कागद लावून कागदावर पिंपळाची पाने चिकटवली, की रात्री आत दिवा लागल्यावर प्रत्येक शीर उमटून दिसते. दिवा मात्र एलईडीचाच असावा, कारण जुना बल्ब तापतो. मी मैद्याची खळ वापरत असे, पण ती खाण्यासाठी झुरळांनी एक कोपरा पार कुरतडला. तेव्हापासून खळीत थोडे कडुनिंबाचे तेल घालते.

येशूजन्माचा देखावा मांडतात त्या गोठ्याचा मात्र खरा आनंद आहे, आणि तो आमच्या भागाइतका सहज क्वचितच कुठे साधत असेल. संत फ्रान्सिस यांनी 1223 साली इटलीतील ग्रेच्चो गावी नाताळच्या रात्री गव्हाणी मांडली तेव्हा त्यांनी गवत, बैल आणि गाढव एवढेच साहित्य घेतले होते. खानापूर तालुक्यात नाताळच्या सुमारास भाताची मळणी उरकलेली असते आणि खळ्यावर पिंजराचे, म्हणजे भाताच्या पेंढ्याचे, ढीग पडलेले असतात. एक पेंढी मागितली तर कोणी पैसे घेत नाही. पिंजर ओलसर असेल तर त्याला बुरशी धरते, म्हणून दोन दिवस उन्हात टाकावे. मूर्तींसाठी मी खानापूरच्या कुंभाराकडून मळलेली माती आणते. पहिल्या वर्षी वाळवण्याची घाई करून मी मूर्ती कडक उन्हात ठेवल्या आणि योसेफाची मान खांद्यापासून तडकली; आता त्या सावलीतच आठ दिवस राहतात. गोठ्यापुढच्या हिरवळीसाठी नाचणी रात्रभर भिजवून, 15 डिसेंबरच्या सुमारास करवंट्यांतल्या मातीत पेरावी. नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत ती बोटभर उंच होते. अंधारात ठेवली तर पिवळी पडते आणि पाणी जास्त झाले तर मुळाशी कुजते.

दारावरच्या तोरणाला घाणेरीच्या काड्या उत्तम. ही झुडपे माळावर नको तितकी माजलेली असल्याने तोडताना मन खात नाही. काड्या उकळून साल काढल्या की हव्या तशा वळतात. त्यात मी सुरूच्या झाडाची वाळकी बोंडे आणि संकेश्वरी मिरच्या ओवते. विलायती लाल फळांचे काम मिरच्या चोख बजावतात. गुंजा दिसायला याहून सुंदर असतात, पण त्यांच्या बियांत जहाल विष असते, म्हणून लहान मुले असलेल्या घरात त्या नकोतच. रानात गेल्यावर गळून पडलेले तेवढेच उचलावे, झाडाला हात लावू नये.

झाड म्हणून आम्ही फांदी तोडत नाही. कोपऱ्यातल्या मातीच्या घागरीत उसाचे तुरे उभे करतो. तुरा आला म्हणजे उसाची वाढ थांबली, म्हणून शेतकऱ्याला तो नको असतो. मी मागते तेव्हा तो हसत ‘हवे तितके न्या’ म्हणतो. रुपेरी तुऱ्यांत सावरीच्या कापसाचे पुंजके अडकवले की झाले. हा कापूस मात्र उन्हाळ्यातच वेचून ठेवावा लागतो.

6 जानेवारीला, बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांचा सण झाला की सगळे उतरते. पिंजर आणि नाचणी शेजारच्या म्हशीच्या दावणीत जातात, बोंडे कडुनिंबाच्या पाल्यासह डब्यात आणि चांदणीचा सांगाडा माळ्यावर. गेल्या दिवाळीत धाकट्याने तोच सांगाडा काढून त्यावर केशरी कागद लावला.