आमची वाटचाल : आधी दोष, मग सामान

बाबा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात टर्नर होते. मशीनचा आवाज जरा बदलला की कुठलं बेअरिंग जाणार ते त्यांना आधीच कळायचं. 1994 साली नोकरी सोडून त्यांनी खानापूर रस्त्याला पत्र्याची शेड घातली आणि गाड्यांच्या दुरुस्तीची कामं घेऊ लागले. तेव्हा मारुती 800, ओम्नी, पद्मिनी, अॅम्बेसेडर आणि वडापच्या (शेअर प्रवासी वाहतुकीच्या) ट्रॅक्स यायच्या. पेट्रोलच्या गाड्या सगळ्या कार्ब्युरेटरच्या. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून बाबा टॅपेटचा आवाज कुठला, बेअरिंगचा कुठला ते सांगायचे. शाळा सुटली की मी टॉर्च धरून शेजारी उभा.

पुढं एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी संगणकाच्या हिशोबानं पेट्रोल फवारणाऱ्या गाड्या आल्या आणि कान पुरेनासा झाला. मी आयटीआय करून आलो, घरात भांडून गाडीच्या संगणकातला दोष वाचणारा स्कॅनर घेतला. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात तो लावला की दोषाचा कोड दिसतो, मला वाटलं आता काम सोपं. पहिल्याच महिन्यात एका गाडीला मिश्रणात हवा जास्त असल्याचा कोड आला. मी धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बदलला, पैसे घेतले. आठवड्यात डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा परत लागला. मग बाबांनी एअर फिल्टरकडून थ्रॉटलला (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेला) जाणारा रबरी पाइप हातानं वाकवून दाखवला. घडीत बोटभर चीर होती. हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या नंतर न मोजलेली हवा आत जात होती आणि ऑक्सिजनचा सेन्सर बिचारा खरं तेच सांगत होता. गिऱ्हाइकाला सेन्सरचे पैसे परत केले, पाइपचे तेवढे घेतले. तेव्हापासून कोड आला तरी त्याचं कारण हाताला लागेपर्यंत आमच्याकडं सामान मागवत नाहीत.

आमच्या दारात बेळगावच्या केए 22 बरोबर कोल्हापूरच्या एमएच 09 आणि गोव्याच्या गाड्याही असतात. चंदगडची माणसं बाजाराला, दवाखान्याला बेळगावलाच येतात, गाडीही इथंच दाखवतात. कुणी कन्नडात ‘स्वल्प नोड्री’ (जरा बघा) म्हणतं, कुणी ‘बघा की जरा, काल बरी होती खरं आज ओढत नाही’ म्हणतं. आम्ही उलट विचारतो : गार असताना की गरम झाल्यावर? चढाला की सपाटीला? एसी लावल्यावर? निम्मा दोष इथंच सापडतो.

कणकुंबीकडची एक गाडी आली होती. हायवेला ठीक, गावात गर्दीत उभी राहिली की तापमानाचा काटा वर. आधीच्या गॅरेजात थर्मोस्टॅट बदलला होता, रेडिएटर धुतला होता. गाडी पळताना वारा लागतो म्हणून थंड राहते, उभी राहिली की सगळं फॅनवर. फॅन थेट बॅटरीवर लावला तर जोरात फिरला. फॅनला वीज सोडणारा रिलेही चांगला. मग फॅन चालू ठेवून त्याच्या अर्थच्या वायरीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मीटर लावला. जिथं अर्धा व्होल्टसुद्धा दिसायला नको तिथं चार. बॉडीला जिथं बोल्ट होता तिथला पत्रा पावसानं गंजून तांबूस झाला होता. घासला, वायरीच्या टोकाला नवीन लग (कडी) बसवली, वर ग्रीस. तासाचं काम. तिकडचा पाऊस बघता आता पावसाळ्याआधीच्या सर्व्हिसला अर्थ तपासणं आम्ही ठरवूनच टाकलंय.

बॅटरीचंही तसंच. सेल्फ मारत नाही म्हटलं की लोक नवी घेऊन मोकळे होतात. रात्रभर उभ्या गाडीला 12.6 व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू झाल्यावर 13.8 ते 14.4 दिसले तर चार्जिंग ठीक. चालू करूनही आकडा चढत नसेल तर अल्टरनेटर बघायचा, नाहीतर नवी बॅटरीही बसणार.

ब्रेक ऑइलबद्दल मात्र मी हट्टी आहे. ते हवेतलं पाणी ओढतं. नवं डॉट 4 किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर तेच 155 पर्यंत येऊ शकतं. चोर्ला घाट उतरताना कुणी न्यूट्रल टाकून नुसत्या ब्रेकवर आला, की चाकाजवळचा ब्रेकचा कॅलिपर तापतो, ऑइलमध्ये वाफ होते आणि पेडल तळाला जातं. असे दोघं आमच्याकडं घाबरून आलेत, दोघांनीही ऑइल कधी बदललं नव्हतं. दोन वर्षांनी बदला आणि उतारावर गाडी दुसऱ्या गिअरला धरा, हे मी बिलाच्या पाठीमागं मराठीत आणि कन्नडात लिहून देतो.

काढलेलं सामान आम्ही गिऱ्हाइकाच्या हातात देतो. प्रत्येक गाडीचं पान वहीत आहे : तारीख, किलोमीटर, काय बघितलं, काय बदललं. गेल्या महिन्यात एकजण जुनी गाडी घेण्याआधी मालकालाच सोबत घेऊन पान बघायला आला. लाखाच्या वर पळालेली गाडी, टायमिंग बेल्ट बदलल्याची नोंद नव्हती. मालकालाही आठवेना. कव्हर काढून बघितलं तर बेल्टला आडव्या भेगा. मालकानं तिथंच बेल्टचे पैसे किमतीतून वजा केले आणि गाडी शेडमध्येच राहिली.